कळकलेलं पाणी : मत्स्यपेटीच्या नळांचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, "माशांच्या पेटीला नळ कुठला लावावा, हा काय इतिहासाचा विषय झाला? हे तर हार्डवेअरच्या दुकानात विचारायचं." त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. आम्हीही आधी हार्डवेअरच्या दुकानातच विचारलं होतं. तिथे जे उत्तर मिळालं, त्यातूनच हे व्याख्यान तयार झालं आहे. म्हणून सुरुवात त्या गोष्टीपासून करतो.

आमच्या घरी दोन फुटांची एक काचेची पेटी आहे. पाणी साधारण अडुसष्ट लिटर. तिच्यात काही गप्पी मासे, लाल रंगाच्या बारीक कोळंब्या आणि गोगलगायी. पेटीखालच्या फिल्टरला पाणी नेणाऱ्या नळीवरचा प्लास्टिकचा कॉक गळायला लागला. आम्ही प्लंबरला बोलावलं. त्याने नवाकोरा पितळी व्हॉल्व बसवला, गळती थांबली, आम्हीही खूश. चौथ्या-पाचव्या दिवशी एक कोळंबी मेलेली दिसली. मग दोन. दहा दिवसांत एकही कोळंबी उरली नाही. गोगलगायी शिंपल्यात ओढून घेऊन तळाशी पडून राहिल्या. मासे मात्र वरवर पाहता ठीक होते. आम्ही प्लंबरला विचारलं, "हा व्हॉल्व तर कारण नसेल?" तो हसला. म्हणाला, "काका, असलेच व्हॉल्व तुमच्या नळाला पण आहेत. तेच पाणी तुम्ही रोज पिता. तुम्हाला काही झालं का?"

त्याचा प्रश्न बिनतोड होता. त्या वेळी आमच्याकडे उत्तर नव्हतं. तांबं तपासायचा किट आणला, तर पाण्याला रंग चढला. व्हॉल्व काढला, पाणी टप्प्याटप्प्याने बदललं, आणि महिनाभराने सोडलेल्या नव्या कोळंब्या जगल्या. एका पेटीवरून काही सिद्ध होत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण प्रश्न डोक्यात राहिला, की जे पाणी माणसाला चालतं ते कोळंबीला का चालू नये? आणि हे आपल्याआधी कुणाच्या लक्षात आलं होतं का? आज आपण या दुसऱ्या प्रश्नाचा माग काढणार आहोत, आणि त्या वाटेवर पहिल्याचं उत्तर सापडतं.

एक शब्द आधी आठवून देतो. आपल्या आजी-आत्यांच्या तोंडी तो रोज असे: 'कळकणे'. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ताक कळकतं. चिंच-आमसूल घातलेली आमटी कल्हई उडालेल्या पातेल्यात राहिली की कळकते. चव बिघडते, हिरवट झाक येते, खाल्लं तर मळमळतं. म्हणून तर दारावर कल्हईवाला यायचा, आणि तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. म्हणजे बघा, धातू अन्नात उतरतो, आंबट पदार्थात जास्त उतरतो, आणि मध्ये निरुपद्रवी थर घातला तर उतरत नाही, ही तिन्ही सूत्रं आपल्या स्वयंपाकघराला माहीत होती. आजच्या विषयाचा गाभा एवढाच आहे. फक्त भांड्याच्या जागी नळ आणि ताकाच्या जागी माशांचं पाणी आहे.

आता जुन्या काळाकडे वळू. इंग्रजीतला 'प्लंबर' हा शब्द लॅटिनमधल्या 'प्लंबम' या शब्दावरून आला आहे, आणि प्लंबम म्हणजे शिसं. नळकाम करणारा म्हणजे मुळात शिशाचं काम करणारा. रोमन लोक शिशाचे पत्रे वाकवून, सांधून त्यांचे नळ करत. शिसं मऊ, लवकर वितळणारं, हवं तसं वळवता येणारं. कारागिराला याहून सोयीचा धातू कुठला? पण याच रोमन काळात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, व्हिट्रुव्हियस या वास्तुविशारदाने आपल्या ग्रंथात सांगून ठेवलं आहे की मातीच्या भाजलेल्या नळातलं पाणी शिशाच्या नळातल्या पाण्यापेक्षा आरोग्याला चांगलं. कारण म्हणून त्याने शिशाचं काम करणाऱ्या कामगारांकडे बोट दाखवलं. त्यांचे चेहरे पांढुरके, निस्तेज झालेले असतात, हे त्याने पाहिलं होतं.

हे लक्षात घ्या, दोन हजार वर्षांपूर्वी इशारा लिहिलेला होता. तरी शिशाचे नळ विसाव्या शतकापर्यंत युरोपातल्या घरांत बसत राहिले. लोक बेफिकीर होते एवढंच त्याचं कारण नव्हतं. पाणी जड असेल, म्हणजे त्यात चुना जास्त असेल, तर नळाच्या आतून क्षारांचं एक कवच धरतं. आपल्या गीझरच्या कॉइलवर धरतं तसं. ते कवच कल्हईचंच काम करतं आणि शिसं पाण्यात उतरू देत नाही. त्यामुळे एका गावात शिशाचा नळ पिढ्यान् पिढ्या काही करत नसे, आणि दुसऱ्या गावात तोच नळ माणसं आजारी पाडत असे. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात १८८० च्या दशकात असंच झालं. डोंगरावरच्या दलदलीच्या भागातून येणारं तिथलं पाणी मऊ आणि आम्लधर्मी होतं. त्याने शिशाचे नळ खाल्ले आणि शहरात शिशाची विषबाधा पसरली. म्हणजे नळ चांगला की वाईट, हे एकट्या नळावर ठरत नाही, त्यातून वाहणाऱ्या पाण्यावरही ठरतं. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

आता मत्स्यपेटी. घरात काचेच्या पेटीत जलचर पाळायची कल्पना एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. सिसिलीत मेसिना इथे जान व्हिलप्रू-पॉवर या बाईंनी १८३२ च्या सुमारास समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या पेट्या करून घेतल्या. ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. १८४६ साली अ‍ॅना थिन या बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घेऊन आल्या. समुद्राचं पाणी मोजकं, ते शिळं होऊ नये म्हणून काय केलं? घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीसमोर उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. आजच्या फिल्टरची आणि एअरपंपाची ती पूर्वज म्हणायला हरकत नाही. त्या बाईचं नाव काही इतिहासात आलेलं नाही.

त्यानंतर रॉबर्ट वॉरिंग्टन. हा लंडनमधला रसायनशास्त्रज्ञ, अपॉथेकरीज हॉल या औषधनिर्मितीच्या संस्थेत काम करणारा. त्याने सुमारे बारा गॅलन पाण्याच्या पात्रात दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि गोगलगायी ठेवल्या. १८५० साली त्याने निष्कर्ष मांडला: वनस्पती प्राणवायू देते, मासे कार्बन डायऑक्साईड देतात, कुजलेली पानं गोगलगायी खातात, आणि तिघांचं मिळून चक्र चालतं. पाणी बदलावं लागत नाही. ही कल्पना लोकांना फार आवडली. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि मध्यमवर्गीय घरांतून पेट्यांची लाटच आली.

आता इतिहासाच्या पुस्तकांत इथपर्यंतची हकीकत उत्साहाने दिलेली असते. पण आपण जरा त्या पेट्या कशाच्या बनत होत्या ते पाहू. काच चिकटवायला तेव्हा सिलिकॉन नव्हतं. लोखंडी किंवा इतर धातूची चौकट, तळाला पाटीचा दगड, आणि सांध्यात जवसाच्या तेलात कालवलेली पुट्टी. पुट्टी पक्की बसावी म्हणून तिच्यात शिशाचे ऑक्साईड मिसळण्याची पद्धत होती. त्यातलं लाल ऑक्साईड म्हणजे आपला शेंदूर. देवाच्या मूर्तीला लावतो तो पारंपरिक शेंदूर शिशाचाच. म्हणजे वॉरिंग्टनचं ते सुंदर चक्र बऱ्याच घरांत शिसं मिसळलेल्या सांध्यांमध्ये बंदिस्त होतं. आणि पाणी बदलायचं नाही, हा तर त्या पद्धतीचा अभिमान. घरोघरच्या पेट्यांतले प्राणी पटापट मरत असत. त्याची कारणं अनेक होती: दाटी, जास्त खाणं, ऊन. सगळा दोष धातूंवर टाकणं न्यायाचं होणार नाही. पण पाणी बदलायचं नसेल तर त्याला काय काय शिवतं हे पाहायला हवं, ही जाणीव हळूहळू आली.

ती पक्केपणाने अमलात आणणारा माणूस म्हणजे विल्यम आल्फर्ड लॉइड. हा मूळचा बुकबाइंडिंगच्या कामातला. मत्स्यपेट्यांच्या नादी लागला आणि लंडनमध्ये त्याने समुद्री जीव, पेट्या आणि चक्क समुद्राचं पाणी विकायचं दुकान काढलं. पुढे १८६४ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयात मोठं मत्स्यालय उभारलं गेलं, ते त्याच्या देखरेखीखाली. आणि १८७१ साली दक्षिण लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय उघडलं. त्याची पाण्याची योजना लॉइडची. अँटोन डोर्न यांनी इटलीत नेपल्सला प्राणिशास्त्राचं संशोधन केंद्र काढलं, तिथलं मत्स्यालय १८७४ साली खुलं झालं. त्याच्याही पाण्याच्या व्यवस्थेत लॉइडचा सल्ला होता.

लॉइडची पद्धत अशी: प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद जमिनीखाली, अंधारात. वाफेच्या यंत्राने पाणी वर चढवायचं, ते टाक्यांतून वाहत पुन्हा हौदात. रात्रंदिवस, अखंड. पाणी तेच. बाष्पीभवनाने जेवढं कमी होईल तेवढं गोडं पाणी घालायचं, बस्स. आज ज्याला आपल्याकडचे शौकीन 'संप' म्हणतात, तो लॉइडच्या हौदाचाच वंशज.

आणि इथे नळाचा प्रश्न उभा राहिला. खारं पाणी, दिवसरात्र वाहणारं, आणि तेच तेच. तांब्याचा किंवा पितळेचा पंप लावला तर धातूचा जो काही अंश उतरेल तो कुठेच जाणार नाही. तो साठत जाणार. लॉइडने पंप आणि नळांसाठी व्हल्कनाईट वापरलं. व्हल्कनाईट म्हणजे गंधक भरपूर घालून कडक केलेलं रबर. त्याचंच दुसरं नाव एबोनाईट. तुमच्यापैकी ज्यांनी जुनी काळी फाउंटन पेनं वापरली असतील, त्यांच्या बोटांना हा पदार्थ माहीत आहे. चार्ल्स गुडइयरच्या भावाने, नेल्सन गुडइयरने, १८५१ साली या कडक रबराचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे वीस वर्षांपूर्वी बाजारात आलेला, धातू नसलेला, खाऱ्या पाण्याला दाद न देणारा पदार्थ लॉइडने निवडला. तो महाग होता, ठिसूळ होता, सांधायला कटकटीचा होता. शिसं आणि पितळ हाताशी असताना हा खटाटोप करायला लावलं ते त्याच्या जिवंत जनावरांनी.

आता आमच्या प्लंबरच्या प्रश्नाकडे येऊ. घरातल्या नळातून पाणी काही क्षण जातं आणि निघून जातं. पितळी व्हॉल्वला ते एकदाच शिवतं. पेटीत काय होतं? आमचा पंप तासाला चारशे लिटर पाणी फिरवतो. पेटीत अडुसष्ट लिटर. म्हणजे सगळं पाणी तासाला जवळपास सहा वेळा त्या व्हॉल्वमधून गेलं. दिवसाला एकशेचाळीस वेळा. दहा दिवसांत चौदाशे वेळा. वर बाष्पीभवन होतं, पाणी उडतं, तांबं उडत नाही. आपण पुन्हा वरून पाणी घालतो, त्यातही थोडं तांबं असू शकतं. 'तेच पाणी तुम्ही पिता' हे म्हणणं इथेच चुकतं. ते तेच पाणी नव्हतं. आमच्या नळातलं पाणी व्हॉल्वला एकदा भेटलेलं होतं, कोळंब्यांचं चौदाशे वेळा.

हा झाला अर्धा भाग. दुसरा अर्धा भाग शरीराचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा २ मिलिग्रॅम. आता हे पाहा: समुद्री माशांवरच्या काही परजीवींवर तांब्याचं औषध देतात, तेव्हा पाण्यात लिटरला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम तांबं ठेवतात. मासे ते सोसतात, परजीवी मरतात. पण त्याच टाकीत कोळंबी, प्रवाळ, गोगलगाय असेल तर तीही जाते. म्हणून औषध द्यायचे मासे आधी वेगळ्या टाकीत काढतात. म्हणजे माणसाला जे पाणी बिनधोक, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं तांबं कोळंबीला पुरतं. आपण तांबं पोटात घेतो, तिथे यकृत त्याचा हिशेब ठेवतं. मासा आणि कोळंबी पाण्यातच श्वास घेतात. विरघळलेलं तांबं थेट कल्ल्यांवर बसतं, आणि रक्तातले क्षार सांभाळण्याचं कल्ल्यांचं काम बिघडवतं.

आणि इथेही पाण्याचा स्वभाव आहेच. जड पाण्यातलं कॅल्शियम कल्ल्यांवरच्या जागा आधी अडवून बसतं, तांब्याला शिरकाव कमी मिळतो. मुंबईचं तलावांचं पाणी मऊ. दख्खनच्या पठारावर बोअरचं पाणी बहुधा जड. त्यामुळे एखादा नगरकडचा पाहुणा तुम्हाला म्हणेल, "आमच्याकडे पितळी कॉक पाच वर्षं आहे, काही झालं नाही." तो खोटं बोलत नसेल. पण त्याचा अनुभव मुंबईच्या पेटीला लागू होईलच असं नाही. शेफील्डची गोष्ट हीच होती.

जस्ताचंही तसंच. आपल्या जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो, पितळेतही जस्त असतं. आपल्या मानकात जस्त लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे, कारण माणसाला ते फारसं बाधत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जलचरांसाठी मध्यम जडपणाच्या पाण्यात घातलेली मर्यादा सुमारे ०.१२ मिलिग्रॅम आहे. चाळीस पटींचा फरक. म्हणून 'पिण्यायोग्य' असा शिक्का पाहून आपण निश्चिंत होतो, तेव्हा तो शिक्का कुणाच्या पिण्यासाठी आहे, हे विचारायला हवं.

तांब्याच्या या गुणाचा शास्त्रीय शोधही पाण्याच्या भांड्यातच लागला. कार्ल फॉन नेगेली हा स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ स्पायरोगायरा या शेवाळावर प्रयोग करत होता. पाण्याला तांब्याचा किंचित स्पर्श झाला असेल तर शेवाळ मरतं, असं त्याला दिसलं. रसायनाच्या साध्या परीक्षेत सापडणारही नाही इतका तो अंश. त्याने याला 'ऑलिगोडायनॅमिक' परिणाम म्हटलं, म्हणजे अल्पांशाची शक्ती. तो १८९१ साली वारला, आणि हा निबंध १८९३ साली प्रसिद्ध झाला. आपण रात्री तांब्याच्या तांब्यात पाणी भरून ठेवतो आणि सकाळी पितो. त्यातले जंतू कमी होतात ते याच शक्तीने. ती जंतू, शेवाळ आणि कोळंबी यांच्यात भेद करत नाही. आपल्यावर तिचा परिणाम होत नाही, कारण आपण मोठे आहोत आणि पाण्याबाहेर राहतो.

आता प्लास्टिक. १८७२ साली, म्हणजे लॉइडचं मत्स्यालय उघडल्यानंतर वर्षभराने, ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या काचपात्रात व्हिनाइल क्लोराईड उन्हात राहून गेलं आणि त्याचा पांढरा घट्ट पदार्थ झाला. तोच पीव्हीसी. पण तेव्हा त्याचं काय करावं कुणाला कळेना. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन याने तो मऊ करून वापरण्याजोगा केला. १९३० च्या दशकात जर्मनीत त्याचे नळ बनू लागले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर पसरले. मत्स्यपेटीवाल्यांना तर लॉइडचं स्वप्नच मिळालं: धातू नाही, गंज नाही, स्वस्त, करवतीने कापा आणि सोल्युशन लावून चिकटवा. त्याच सुमारास सिलिकॉन सीलंट आलं आणि लोखंडी चौकट, पुट्टी, शेंदूर सगळं गेलं. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. ते पाहून आमच्यासारख्या कित्येकांनी बापाकडे पेटीसाठी हट्ट धरला. ती पिढी चौकटीच्या पेट्यांपासून सुरुवात करून पूर्ण काचेच्या पेट्यांपर्यंत आली.

इथे गोष्ट सुखाने संपायला हवी होती. पण पीव्हीसीत एक खोड आहे. नळ ओतताना ते तापवावं लागतं, आणि तापलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटून ते करपतं. म्हणून त्यात स्थिरक मिसळतात. यातला स्वस्त आणि कामाला चोख स्थिरक कुठला? शिशाचे क्षार. दोन हजार वर्षं फिरून शिसं पुन्हा नळात आलं, आता प्लास्टिकच्या पोटात बसून. नव्या नळातून पहिल्या पाण्यात ते जास्त उतरतं, मग कमी होत जातं. युरोपातल्या उद्योगाने २०१५ अखेर शिशाचे स्थिरक बंद केले. भारतात केंद्र सरकारने पीव्हीसी नळांतल्या शिशाच्या स्थिरकांवर नियम केले ते २०२१ साली. आपल्याच मानकात पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे, सवलत शून्य. त्या आधी बसवलेले किती नळ आपल्या इमारतींत आहेत याचा विचार ज्याने त्याने करावा. व्हिट्रुव्हियसच्या इशाऱ्याला जे झालं तेच पुन्हा झालं. माहिती होती, पण सोयीचा आणि स्वस्ताचा पदार्थ हाताशी होता.

आता तुम्ही म्हणाल, इतिहास पुरे, आम्ही काय आणायचं ते सांगा. सांगतो.

नळ पाणीपुरवठ्याचाच घ्या. अंगावर आयएस ४९८५ छापलेला यूपीव्हीसी, किंवा आयएस १५७७८ छापलेला सीपीव्हीसी. शिसंविरहित असं लिहिलेला मिळाला तर तोच. सांडपाण्याचा नळ आणि वायरिंगची पट्टी-पाइप घेऊ नका. ते दिसायला सारखे असतात, स्वस्त असतात, पण पाणी पिण्यासाठी बनवलेले नसतात. एल्बो, टी, कॉक, युनियन सगळं प्लास्टिकचं. सीपीव्हीसीच्या काही फिटिंगमध्ये आटे पितळेचे असतात, बाहेरून पटकन लक्षात येत नाही. आत डोकावून बघा. नॉन-रिटर्न व्हॉल्वमध्ये स्प्रिंग कशाची आहे ते विचारा. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावा, जुन्या पद्धतीचा सफेदा आणि सूत नको.

सोल्युशनने चिकटवलेला सांधा निदान एक दिवस उघड्यावर वाळू द्या. त्यातले द्राव उडून गेले पाहिजेत. मग सगळी जोडणी साध्या पाण्यात एक-दोन दिवस भिजवा, ते पाणी फेका, पुन्हा भिजवा. नव्या नळातला पहिला अंश इथेच निघून जातो. हे काम फुकटचं आहे आणि लोक नेमकं हेच टाळतात.

मऊ नळी हवी तर सिलिकॉनची, किंवा खाद्यपदार्थांसाठी असलेली. बागेचा हिरवा पाइप नको. तो मऊ ठेवायला घातलेली द्रव्यं पाण्यात येतात. नाकाला ज्या नळीचा उग्र वास येतो ती पेटीला लावू नये, हा अगदी ढोबळ पण उपयोगी नियम. काच चिकटवायला व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन घ्या, पूर्ण वाळल्यावर तो वास जातो. बाथरूमसाठीचं, बुरशी धरू नये म्हणून औषध घातलेलं सिलिकॉन मात्र घेऊ नका. बुरशीला मारणारं औषध माशाला सोडेलच असं नाही.

धातू लागलाच तर गोड्या पाण्यात चांगलं स्टेनलेस स्टील चालतं. खाऱ्या पाण्यात ३१६ प्रतीचं स्टीलही कालांतराने गंजतं, नळी आवळायच्या क्लिपचा स्क्रू सगळ्यात आधी. तिथे प्लास्टिकची क्लिप लावा. समुद्री पेटीचा हीटर किंवा थंड करायचं यंत्र घेत असाल, तर पाण्याला शिवणारा भाग टायटॅनियमचा आहे ना ते पाहा. आणि सकाळी नळ सोडल्यावर पहिलं पाणी पेटीत घालू नका. रात्रभर इमारतीच्या नळात आणि पितळी तोटीत उभं राहिलेलं पाणी असतं ते. थोडं वाहू द्या, त्या पाण्याने भांडी धुवा.

एवढं करूनही पेटीत कोळंबी मेली, तर कारण दुसरंही असू शकतं: अमोनिया, क्लोरीन, उष्णता. आधी पाणी तपासा, मग नळाला दोष द्या. आम्हीही तो किट आणेपर्यंत प्लंबरशी नुसता वादच घालत होतो.

शेवटी त्याच्याविषयी. व्हॉल्व काढायला तोच आला होता. आम्ही त्याला हा चौदाशे फेऱ्यांचा हिशेब सांगितला. त्याने काढलेला व्हॉल्व हातात फिरवून पाहिला. आतून हिरवट डाग धरला होता. त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "माझी आजी याला कळकलं म्हणायची." तेव्हा आम्हाला तो शब्द आठवला, आणि आजच्या व्याख्यानाचं नाव मिळालं. त्याने प्लास्टिकचा कॉक बसवला आणि मजुरी घेतली नाही. आम्ही आग्रहाने दिली, कारण चूक त्याची एकट्याची नव्हती. बसवताना आम्हीही शेजारी उभे होतो.